आयोवाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम

अमेरिकेतील आयोवा सिटी येथे, आयोवा विद्यापीठात १९६७ पासून चालत आलेला परदेशी कवी-कादंबरीकारांचा निवासी उपक्रम. मूळ नाव ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’. लेखकमंडळी मात्र ‘मी आयोवाला होतो’ एवढेच म्हणतात. दीडशेहून अधिक देशांतले दीड हजारावर लेखक आजवर इथे राहून गेले आहेत.

‘कार्यक्रम’ या शब्दाने फसायला होते. इथे कोणी कोणाला लिहायला शिकवत नाही. ते काम त्याच विद्यापीठातल्या ‘रायटर्स वर्कशॉप’चे, आणि या दोन संस्थांची गल्लत भारतीय लेखकांच्या परिचयांत सर्रास होते. इथे येणारा लेखक आपल्या देशात नाव झालेला असतो. त्याला राहायला खोली, खर्चाला पैसे आणि मोकळा वेळ मिळतो. पूर्वी हा मुक्काम जवळजवळ वर्षभराचा असे. पुढे तो ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरचा आरंभ एवढा आखडला. शहरातल्या ‘प्रेअरी लाइट्स’ या पुस्तकांच्या दुकानात वाचन, सार्वजनिक वाचनालयात चर्चा, भाषांतर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर बैठका. बाकी दिवस त्याचा. कार्यालय शॅम्बॉ हाउस या जुन्या घरात आहे. दुसऱ्या बांधकामाला जागा हवी होती म्हणून हे घर आख्खे उचलून रस्त्यावरून आजच्या ठिकाणी आणून ठेवले.

कल्पना निए हुआलिंग यांची. त्यांचा जन्म चीनमधल्या वुहानचा. तैवानमध्ये त्या ज्या नियतकालिकाच्या साहित्य विभागाच्या संपादक होत्या, ते १९६० मध्ये बंद पाडण्यात आले, प्रकाशक लेइ चेन तुरुंगात गेले आणि निए यांच्यावर पाळत बसली. १९६४ मध्ये त्या आयोवाला आल्या. वर्कशॉपचे प्रमुख कवी पॉल एंगल तोवर तिथे परदेशी लेखक आणू लागले होते. बंगाली कवी सुनील गंगोपाध्याय १९६३ मध्ये त्यांच्याच बोलावण्यावरून गेले होते. अशा लेखकांसाठी वेगळीच व्यवस्था का नको, हे निए यांनी एंगलना नावेतून फिरताना सुचवले. दोघांनी १९७१ मध्ये लग्न केले. दोघे मिळून भाषांतरेही करत. त्यात माओंच्या कविता आहेत.

पैशाची बाजू झाकण्यात अर्थ नाही. एंगल स्थानिक उद्योगपतींकडून देणग्या गोळा करण्यात वाकबगार होते. वर्कशॉपसाठी १९६० च्या सुमारास त्यांनी ज्या फारफील्ड फाउंडेशनकडून पैसे घेतले, ती सीआयएची आडोशाची संस्था निघाली. लेखन कार्यक्रमाला पुढे अमेरिकी परराष्ट्र खात्याचा मोठा आधार राहिला. शीतयुद्धाच्या हिशेबात अशा आतिथ्याला किंमत होती, हे उघड आहे. पण पाहुणे यजमानांच्या हिशेबाने वागतातच असे नाही. १९७९ मध्ये निए यांनी चीन, तैवान आणि हाँगकाँगचे लेखक एका खोलीत आणून बसवले. मुख्य भूमी आणि तैवान यांच्यात साधे टपालही सरळ जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

ओरहान पामुक १९८५ मध्ये, हान कांग १९९८ मध्ये आणि मो यान २००४ मध्ये इथे होते. तिघांनाही नोबेल नंतर मिळाले. त्याचे श्रेय आयोवाला देणे जरा जास्तच होईल. निवड करणाऱ्यांची नजर चांगली होती, एवढे म्हणता येते.

मराठीचा धागा दिलीप चित्रे यांचा. ते १९७५ ते १९७७ या काळात, म्हणजे भारतात आणीबाणी होती तेव्हा, आयोवात होते. त्यांच्या ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ या १९८० च्या इंग्रजी संग्रहात त्या मुक्कामाचे एकटेपण उतरले आहे. हिंदीतले श्रीकांत वर्मा आणि निर्मल वर्मा हेही तिथे राहून आले.

एंगल १९९१ मध्ये पोलंडला निघाले असता शिकागोच्या विमानतळावर वारले. निए २०२४ मध्ये आयोवा सिटीतच निवर्तल्या. मार्च २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने आपली अनुदाने थांबवली. शाळकरी वयाच्या मुलांचा ‘बिटवीन द लाइन्स’ हा उन्हाळी वर्ग त्यात रद्द झाला. मुख्य निवास मात्र कमी लेखकांना बोलावून चालू ठेवण्याचे संस्थेने ठरवले.