सहगुणक काहीही असोत

१/क्ष या फलनाचा आलेख काढा आणि त्याच्याखालचं क्षेत्रफळ मोजा. १ ते २ मध्ये ते सुमारे ०.६९३ भरतं. २ ते ४ मध्ये तेवढंच, ४ ते ८ मध्येही तेवढंच. शून्याकडे सरकलात तरी अर्धा ते १, पाव ते अर्धा, पुन्हा तेच. दर दुपटीला एक सारखा हप्ता, आणि हप्ते अनंत. म्हणून बेरीजही अनंत.

हरात्मक विश्लेषणातल्या (फलनांचा तरंगांच्या साहाय्याने अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेतल्या) हिल्बर्ट परिवर्तनात नेमकं हेच फलन वजन म्हणून वापरतात. एका बिंदूवर उभं राहायचं, आजूबाजूच्या किमतींना १/क्ष इतकं वजन द्यायचं आणि संकलन करायचं. ते टिकतं, कारण एका बाजूचं वजन धन, दुसऱ्या बाजूचं ऋण, आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. परिवर्तनानंतरची ऊर्जा, म्हणजे फलनाच्या वर्गाचं संकलन, मूळ ऊर्जेच्या ठरावीक पटीपलीकडे कधीच गेली नाही, तर परिवर्तन 'मर्यादित' आहे असं म्हणतात. मार्सेल रीस यांनी १९२० च्या दशकात फलनाचा आकार मोजण्याच्या इतर अनेक रीतींसाठीही हिल्बर्ट परिवर्तन मर्यादित असल्याचं सिद्ध केलं.

आता सरळ रेषा सोडून प्रतलात अन्वस्तावरून, म्हणजे (क्ष, क्ष²) या बिंदूंवरून चाललो तर? हा प्रश्न उष्णतेच्या समीकरणाच्या अभ्यासातून पुढे आला. तिथे काळ हा लांबीच्या वर्गासारखा वागतो.

ऊर्जेपुरती परीक्षा सोपी आहे. शुद्ध तरंग आत सोडायचे. प्रत्येक तरंग एका संख्येने गुणला जाऊन बाहेर येतो. या सगळ्या संख्या एका मर्यादेत राहिल्या की झालं. रेषेवर ती संख्या साइन(अक्ष)/क्ष च्या संकलनातून येते, आणि हे संकलन अ धन असेल तर नेहमी पाय (π) भरतं. अ एक असो वा दहा लाख! तरंग दाबला-ताणला तरी १/क्ष चे हप्ते बदलत नाहीत, म्हणून उत्तरही बदलत नाही. मला हे आजही विलक्षण वाटतं.

अन्वस्तावर मात्र साइनच्या आत अक्ष + बक्ष² येतं. तरंगाची दिशा आणि लांबी बदलली की अ आणि ब हे सहगुणक बदलतात, त्यामुळे सगळ्याच जोड्यांना तोंड द्यावं लागतं. दाबून-ताणून एकच सहगुणक १ करता येतो, दुसरा मोकळाच राहतो.

धोका कुठे आहे ते पाहू. अ = १ आणि ब = ०.०१ घ्या. क्ष = −५० पाशी तरंगाला विसावा मिळतो: चढ-उतार थांबतो, खोडाखोड बंद पडते. पण वक्रतेमुळे हा विसावा साधारण १० एककंच टिकतो. तिथलं वजन १/५०, म्हणजे एकूण भर ०.२ च्या आसपास. ब = ०.०००१ केलं तर विसावा −५००० वर जातो, रुंदी १०० होते, वजन १/५००० उरतं आणि भर ०.०२ वर येते. विसावा लांबतो खरा, पण वजन त्याहून वेगाने घटतं. वक्रता विसाव्याची रुंदी कशी बांधून ठेवते, हे डच गणिती व्हान डर कॉर्पुट यांच्या एका प्रमेयिकेतून मिळतं. या विषयातलं जवळपास सगळं काम त्यावर उभं आहे.

अक्ष + बक्ष² च्या जागी क्ष च्या आणखी मोठ्या घातांची बहुपदी घेतली, तर असे विसावे अनेक, शिवाय ते एकमेकांत मिसळतात. तरीही एलियास स्टाइन आणि स्टीफन वेंजर यांनी १९७० मध्ये दाखवलं की मर्यादा फक्त बहुपदीच्या कोटीवर, म्हणजे सर्वांत मोठ्या घातांकावर ठरते. सहगुणकांना त्यात कसलाही आवाज नाही. कोटीबरोबर ती मर्यादा किती वाढते, याचं नेमकं उत्तर योआनिस पारिसिस यांनी २००८ मध्ये दिलं: कोटीच्या लॉगॅरिदमइतकी. कोटी १० वरून १०० वर गेली तरी लॉगॅरिदम फक्त दुप्पट होतो.