साखर जास्त दिसली म्हणून मांजराचं इन्सुलिन वाढवू नका

सांगली-मिरजेत मधुमेह झालेलं मांजर पाळणाऱ्यांच्या तोंडी एक सल्ला कायम असतो: मीटरवर साखर जास्त दिसली की इन्सुलिन एक-दोन युनिट वाढवून टोचायचं. हा सल्ला मांजराच्या जिवावर बेतू शकतो.

मांजर नुसतं घाबरलं तरी त्याची साखर झपाट्याने चढते. पिशवीत घालून विश्रामबागेतल्या दवाखान्यापर्यंत नेलं, तेवढंही पुरतं. म्हणून एका आकड्यावर डोस ठरत नाही. सुरुवात बहुतेकदा १ युनिटच्या आसपास, दर १२ तासांनी होते. नव्या डोसचा परिणाम स्थिरावायला काही दिवस लागतात, आणि पुढचा बदल डॉक्टरांनीच करायचा.

सिरिंज मात्र दरवेळी नीट बघून घ्या. आपल्याकडे साधारणपणे लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची; हा आकडा म्हणजे एका मिलीलीटर औषधात किती युनिट इन्सुलिन आहे ते. बाटलीवर जो आकडा, तोच सिरिंजवर हवा. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात अडीच युनिट जातं. इवल्याशा जिवाला हे फार झालं. दुकानात कुणी 'सगळ्या सारख्याच' म्हटलं तरी ऐकू नका.

मांजर जेवलं नसेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. सुई केसांतच गेली, औषध बाहेर सांडलं अशी शंका आली तरी पुन्हा टोचू नका. एक वेळ चढलेली साखर निभते. फार उतरलेली काही तासांत जीव घेऊ शकते. झोकांड्या, थरथर, झटके दिसले की हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा.