जीपीएस मॉड्यूलचे १० मेगाहर्ट्झ आणि जीपीएसडीओचे १० मेगाहर्ट्झ

मोजमापाच्या आणि रेडिओच्या उपकरणांना अचूक १० मेगाहर्ट्झ पुरवणारा डबा म्हणजे रेफरन्स. ‘जीपीएस १० मेगाहर्ट्झ रेफरन्स’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातींची उपकरणं विकली जातात. एकात जीपीएस मॉड्यूलचा टाइमपल्स पाय, म्हणजे वेळेचे पल्स देणारी पिन, जवळजवळ थेट सॉकेटला जोडलेला असतो. दुसऱ्यात ओव्हनमध्ये ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर, म्हणजे ओसीएक्सओ, असतो आणि जीपीएस फक्त त्याला हळूहळू वळण लावतं. हा खरा जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएस-डिसिप्लिन्ड ऑसिलेटर. दिवसभराची सरासरी काढली तर दोन्ही जवळपास तितकेच अचूक. त्यांच्यातला फरक एका सेकंदाच्या आसपास आणि त्याच्या आत दडलेला असतो. विक्रेता नेमकी दिवसभराची सरासरीच छापतो, म्हणून तो फरक जाहिरातीत दिसत नाही.

आधी स्वस्त पर्याय. यू-ब्लॉक्सचं निओ-७एम किंवा निओ-एम८एन घ्या, यू-सेंटर हे त्याचं सॉफ्टवेअर उघडा आणि टाइमपल्स ठरवणाऱ्या सीएफजी-टीपी५ संदेशात लॉक झाल्यानंतरची फ्रिक्वेन्सी १००००००० हर्ट्झ, ड्यूटी (आवर्तनात सिग्नल वर असण्याचा हिस्सा) ५० टक्के अशी भरा. लॉक नसतानाची ड्यूटी ० ठेवा, म्हणजे उपग्रह सुटले की आउटपुट बंद पडेल आणि चुकीच्या सिग्नलवर मोजमाप होणार नाही. मग सीएफजी-सीएफजीने सेटिंग जतन करा. निओ-६एमचा यात उपयोग नाही, त्याचा टाइमपल्स १ किलोहर्ट्झच्या वर जात नाही. निओ-७एममध्ये फ्लॅश मेमरी नसते. बोर्डावर ईईप्रॉम ही सेटिंग साठवणारी चिपही नसेल तर सेटिंग बॅटरीच्या जोरावर टिकतं, आणि बॅटरी मेली की पुढच्या वेळी पायावर पुन्हा सेकंदाला एक पल्स येतो. मॉड्यूल बिघडलं असं वाटून ते फेकून देऊ नका.

आता त्यातली गोम. या मॉड्यूलचं आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं, त्याची एक टिक २०.८३ नॅनोसेकंदांची. ४८ ला १० ने भागलं की ४.८ येतात, आणि ४.८ टिकांचं आवर्तन बनवता येत नाही. म्हणून चिप चार आवर्तनं पाच-पाच टिकांची देते आणि एक चार टिकांचं. म्हणजे १०४ नॅनोसेकंदांची चार, ८३ ची एक. पाचांची बेरीज बरोबर ५०० नॅनोसेकंद. सरासरी अचूक, पण प्रत्येक कड, म्हणजे सिग्नल वर-खाली जाण्याचा क्षण, डगमगती.

त्यावर ८ मेगाहर्ट्झ घ्या असा सल्ला दिला जातो, कारण ४८ ला ८ ने पूर्ण भाग जातो. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. मॉड्यूलमधला टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर (निओ-७एममध्ये साधा क्रिस्टल), मुळात थोडा चुकलेला असतो. तो ०.५ पीपीएमने (पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग) चुकला असेल तर सेकंदाला २४ टिका जास्त किंवा कमी पडतात, आणि हिशेब जुळवायला चिपला तेवढ्याच वेळा एक टिक घालावी वा गाळावी लागते. म्हणजे सेकंदाला २४ वेळा २१ नॅनोसेकंदांची उडी. मागे पीएलएल, म्हणजे दुसऱ्या ऑसिलेटरला या सिग्नलच्या तालावर धरून ठेवणारं सर्किट, जोडून सिग्नल स्वच्छ करायचा असेल तर त्याची लूप बँडविड्थ (मूळ सिग्नलचे बदल उचलण्याचा वेग) या २४ हर्ट्झच्या बरीच खाली, शक्यतो १ हर्ट्झच्या आसपास हवी. नाहीतर उड्या तशाच पुढे जातात आणि मूळ फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना नकोसे सिग्नल होऊन उभ्या राहतात.

जीपीएसडीओत आउटपुट ओसीएक्सओचं असतं. दर सेकंदाच्या पल्सशी त्याचा फेज, म्हणजे लाटेची वेळेतली जागा, ताडून पाहतात आणि डीएसीच्या (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपच्या) व्होल्टेजने त्याला किंचित ओढतात. हे सावकाशच का करायचं, ते आकड्यांत दिसतं. त्या पल्सची अनिश्चितता साधारण ३० नॅनोसेकंद. एका सेकंदात मोजलं तर ती ३० पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग), हजार सेकंदांत ०.०३ पीपीबी. बरा ओसीएक्सओ एका सेकंदात ०.०१ पीपीबी सहज स्थिर असतो. तेव्हा छोट्या अवधीत क्रिस्टलवर विश्वास ठेवायचा, मोठ्या अवधीत उपग्रहांवर, आणि लूपचा, म्हणजे ताडण्या-ओढण्याच्या या चक्राचा, कालस्थिरांक काहीशे सेकंदांचा ठेवायचा. घाईचा लूप चांगल्या ओसीएक्सओवर जीपीएसचा गोंगाट चढवतो.

स्वतः बांधणार असाल तर ७४एचसी४०४६ ने फेज मोजणारी आर्डुइनोवरची रचना पुरेशी होते. अडतं डीएसीपाशी. ओसीएक्सओ एकूण २ पीपीएम ओढला जात असेल तर १२ बिटांची एक पायरी जवळपास ०.५ पीपीबीची पडते, १६ बिटांची ०.०३ ची. १२ बिटांवर लूप दोन पायऱ्यांत झुलत राहतो. डीएसीचा व्होल्टेज रेफरन्स तापमानाने सरकला तर तेही फ्रिक्वेन्सीतच दिसतं.

सेकंडहँड जीपीएसडीओंत ट्रिंबल थंडरबोल्ट हा जुना भरवशाचा गडी. त्याला +१२, −१२ आणि +५ व्होल्ट लागतात. लेडी हेदर या मोफत सॉफ्टवेअरवर तो सगळं दाखवतो. ३० जुलै २०१७ ला त्याचा आठवडे मोजणारा आकडा उलटल्यापासून तो तारीख १०२४ आठवडे मागची सांगतो, फ्रिक्वेन्सीला त्याने काही होत नाही. नव्या जागी नेल्यावर स्वतःची जागा ठरवणारा २००० फिक्सचा (स्थानमोजण्यांचा) सर्व्हे, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, पूर्ण होऊ द्या. बराच काळ बंद असलेला ओसीएक्सओ स्थिरावायला काही दिवस घेतो, पहिल्या संध्याकाळीच निकाल लावू नका. जुन्या साठ्यातले, रुबिडियमच्या अणूंवर चालणारे ऑसिलेटरही याच सेकंडहँड बाजारात दिसतात. ते उपग्रहांना बांधलेले नसतात आणि त्यांच्या आतला रुबिडियमचा दिवा झिजलेला असू शकतो.

फ्रिक्वेन्सी काउंटरला रेफरन्स द्यायचा, १०० सेकंदांचा गेट (मोजण्याचा अवधी) ठेवायचा, तर साधं मॉड्यूल चालतं. २१ नॅनोसेकंदांची चूक तिथे ०.२ पीपीबी होते. मात्र १०,३६८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हौशी रेडिओच्या मायक्रोवेव्ह बँडवर, गुणून न्यायचं असेल तर फेजचा गोंगाट ६० डेसिबलने वाढतो आणि रिसीव्हरमध्ये स्वच्छ शिट्टीऐवजी घरघर ऐकू येते. तिथे ओसीएक्सओला पर्याय नाही.

हातात आलेला डबा कोणत्या जातीचा, ते न उघडताही कळतं. ऑसिलोस्कोप एका चढत्या कडेवर ट्रिगर करून पुढची कड पाहा. ८३ आणि १०४ नॅनोसेकंदांवर दोन रेघा दिसल्या तर ते थेट मॉड्यूल. पुरवठ्याचा प्रवाहही बोलतो: ओव्हन असेल तर सुरुवातीला भरपूर, काही मिनिटांनी स्पष्ट उतरलेला. शेवटी अँटेना काढा. जीपीएसडीओ निवांत चालत राहतो. मॉड्यूलचं आउटपुट बंद पडतं, किंवा टीसीएक्सओच्या मूळ चुकीवर, म्हणजे १० मेगाहर्ट्झला काही हर्ट्झ इकडेतिकडे, जाऊन बसतं. कड एकच दिसते पण प्रवाह उतरत नाही, असा डबा मिळाला तर तो मधला प्रकार: मॉड्यूलच्या मागे पीएलएल, ओव्हन नाही. तो घेण्याआधी फेज नॉइजचा (फेजच्या गोंगाटाचा) आलेख मागा, आणि तो १ हर्ट्झपासून सुरू होतो का ते बघा.