माहीमची खाडी

मुंबईत मिठी नदीच्या मुखाशी असलेली भरती-ओहोटीची छोटी खाडी. दक्षिणेला माहीम आणि धारावी, उत्तरेला वांद्रे, पश्चिमेला माहीमचा उपसागर. एके काळी मुंबई बेट आणि त्याच्या उत्तरेचे साष्टी बेट यांच्यामधली ही वेस होती. आज मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांची हद्दही साधारण याच पाण्याने सांगता येते. ती कुठे आहे हे रिक्षावाल्यांना विचारावे. खाडीच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही, त्यामुळे वांद्र्याहून माहीमला निघालेल्याला अलीकडेच उतरून टॅक्सी किंवा बस शोधावी लागते.

खाडी कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते, तिथे रेघ मारणे कठीण. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघालेली मिठी साकीनाका, विमानतळाची धावपट्टी आणि कुर्ला ओलांडत सुमारे १८ किलोमीटरवर समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात भरतीचे पाणी उलटे आत चढते, म्हणून तिथे नदीचे नाव आणि खाडीचा स्वभाव असा प्रकार आहे. ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो. त्यातून तिवरांची पेन्सिलीएवढी श्वासमुळे वर आलेली दिसतात आणि त्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही. लोकल माहीम सोडून पुलावर आली की डब्यात रुमाल नाकाशी जातात. नाव मात्र मिठी!

पूल नव्हते तेव्हा ही खाडी राखण्याची जागा होती. मुखाच्या दक्षिणेला माहीमचा किल्ला, उत्तरेला पोर्तुगिजांचा वांद्र्याचा किल्ला. आत धारावीच्या बाजूला इंग्रजांचा काळा किल्ला आहे, त्यावरच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्न याचे नाव आणि १७३७ हे साल आहे. त्याच साली मराठ्यांनी ठाणे घेऊन साष्टीत पाय रोवला, तेव्हा पलीकडच्या काठावर इंग्रजांची नजर का होती हे वेगळे सांगायला नको. आता किल्ला वस्तीत बुडाला आहे. त्याचे नाव बेस्टच्या बस-आगारामुळे लोकांच्या तोंडी राहिले.

लोक होडीतून खाडी ओलांडत आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार पैसे सोडायला तयार नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, एवढीच त्यांची अट. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. माहीममधला लेडी जमशेटजी मार्ग त्यांच्याच नावाचा, पण रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो 'एल. जे. रोड' म्हणूनच ठाऊक आहे.

कॉजवे म्हणजे सगळाच पूल नव्हे. बराचसा भाग पाण्यात घातलेला भराव आणि मध्ये पाण्याला वाट. माणसांची सोय झाली, खाडीचा गळा मात्र आवळला गेला. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वे (आजची पश्चिम रेल्वे) ग्रँट रोडपर्यंत आली आणि कॉजवेच्या शेजारी रुळांचा पूल उभा राहिला. या रेल्वेपुलाचे ओतीव लोखंडाचे, स्क्रूसारखे फिरवून चिखलात रोवलेले खांब १८८८चे. ते थेट २०२५च्या जानेवारीत, रात्रीच्या ब्लॉकमध्ये लोकल बंद ठेवून, बदलले गेले.

आणखी आत धारावी आणि कलानगर जोडणारा रस्ता खाडी ओलांडतो. त्याच्या पूर्वेला वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी. १९७७ मध्ये एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) सोपवलेली ही जागा मूळची दलदल. भरतीचे पाणी जिथे पसरायचे तिथे भर घालून काचेच्या इमारती आल्या, आणि पात्र दोन भिंतींमध्ये आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरती होती, म्हणजे पाण्याला उतरायला वाटच नाही. कुर्ला, कलिना, कलानगर पाण्याखाली गेले. त्यानंतर मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, गाळ काढणे आणि पात्र रुंद करणे सुरू झाले. दर पावसाळ्याआधी गाळाचे आकडे आणि त्यावरचा वाद ठरलेला असतो.

नंतरच्या पुलांनी खाडीला स्पर्श करणेच टाळले आहे. २००९चा वांद्रे-वरळी सागरी सेतू मुखाबाहेरून, उपसागरावरून जातो. २०१९चा बीकेसी-चुनाभट्टी उन्नत मार्ग मिठीच्या डोक्यावरून. आणि २०२५च्या मे महिन्यापासून मेट्रो ३चे प्रवासी बीकेसी ते धारावी हा टप्पा पात्राखालच्या बोगद्यातून पार करतात. पाणी दिसत नाही, रुमालही काढावा लागत नाही.