नखाने टायर कळत नाही

२ मार्च २०२५, थायलंडमधलं बुरीराम. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या मोसमातली पहिली शर्यत. मार्क मार्केझ सगळ्यांच्या पुढे, मागे धाकटा भाऊ आलेक्स. सातव्या फेरीत मार्कने चक्क हात आखडता घेतला आणि आलेक्सला पुढे जाऊ दिलं. मग कितीतरी फेऱ्या तो भावाच्या मागे चिकटून राहिला आणि शेवटच्या काही फेऱ्या उरल्यावर पुढे सरकून शर्यत जिंकला. बघणाऱ्याला बंधुप्रेमाचा उमाळा वाटावा. खरी भानगड पुढच्या टायरमधल्या हवेची होती. मुख्य शर्यतीच्या निदान ६० टक्के भागात पुढच्या टायरचा दाब १.८ बार किंवा वर हवा, नाहीतर स्वाराच्या एकूण वेळेत १६ सेकंद वाढतात, असा त्या मोसमाचा नियम होता. जो सगळ्यांच्या पुढे असतो त्याच्या टायरवर मोकळा वारा आदळतो, टायर गार पडतो, दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की गरम हवा अंगावर येते आणि दाब चढतो. मार्क भावाच्या मागे टायर शेकत बसला होता. पुढच्याच महिन्यात कतारमध्ये माव्हेरिक विन्यालेस दुसरा आला आणि याच नियमाने चौदावा झाला.

हिशेब शाळेतलाच आहे. घनफळ बदललं नाही तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सियस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या) प्रमाणात वाढतो. धावताना टायरमधली हवा ९० अंशांना पोचणार आणि तेव्हा १.८ बार हवेत, असं धरू. गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, आणि वातावरणाचा दाब साधारण एक बार, म्हणून खरा दाब २.८. तो २० अंशांवर आणला तर २.२६ होतो, म्हणजे थंड टायरमध्ये गेजवर जेमतेम १.२६ बार. अंदाज दहा अंशांनी चुकला की ०.०८ बार इकडचे तिकडे. एवढ्याशा फरकावर शर्यत जाते.

इथे कुणीतरी हमखास नायट्रोजनचं नाव काढतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, आणि उरलेला ऑक्सिजनही तापल्यावर अगदी त्याच नियमाने फुगतो. नायट्रोजनचा खरा गुण म्हणजे तो कोरडा असतो. टायरच्या आत चमचाभर पाणी राहिलं तर ९० अंशांना त्याची वाफ एकटीच ०.७ बारपर्यंत दाब वाढवू शकते. तेव्हा पैसे कोरडेपणाचे द्यावेत. तो कोरड्या साध्या हवेतही मिळतो.

पण दाब ही वरवरची गोष्ट. दाबाच्या आड जे तापमान लपलेलं असतं ते मला जास्त भुरळ घालतं, आणि टायर निवडण्याची सगळी गोम तिथेच आहे.

घर्षण लंबबलाच्या प्रमाणात असतं आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. १६९९ मध्ये आमोंताँ यांनी मांडलेले हे नियम लाकडाला, लोखंडाला बऱ्यापैकी लागू पडतात. रबर त्यांना भीक घालत नाही. भार दुप्पट केला तर रबराचं घर्षण दुपटीहून कमी वाढतं, म्हणून तोच भार जास्त जागेवर पसरला तर पकड वाढते. शिवाय घर्षणांक एकाच्या वर जात नाही, हा समज रबर खोटा पाडतं. ४५ अंश कलून वळण घ्यायला घर्षणांक साधारण एक लागतो. मोटोजीपीचे स्वार ६० अंशांच्याही पुढे कलतात. (टायरची रुंदी आणि आत झुकलेला स्वार यांमुळे कोनाचं गणित इतकं सरळ नाही, पण घर्षणांक एकाहून बराच वर लागतो एवढं नक्की.)

ही पकड येते कुठून? माझ्या टेबलावर दोन काळे रबरी चेंडू आहेत, शाळांच्या प्रयोगाच्या संचात मिळतात तसले. आकार तोच, नखाने दाबले तर जवळपास सारखेच. एक टाकला की उसळून हातात येतो. दुसरा थप् करून पडतो आणि पडूनच राहतो. त्याने धक्क्याची ऊर्जा आतल्या आत गिळून तिची उष्णता केली. आता सांगा, टायर कशाचा करावा? बहुतेक जण उसळणारा चेंडू उचलतात. ट्रॅकवर उपयोगाचा दुसरा.

कारण असं. रस्ता कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात खडीचे बारीक उंचवटे असतात. रबर उंचवट्यावरून घसरतं तेव्हा चढाच्या बाजूला ते दाबलं जातं आणि उताराच्या बाजूला परत फुगतं. फुगणं तत्काळ झालं तर उताराची बाजू रबराला तेवढ्याच जोराने पुढे ढकलते. हिशेब फिटला, घर्षण शून्य. पण रबर आळशी असेल, फुगायला वेळ लावत असेल, तर उताराच्या बाजूने धक्काच मिळत नाही आणि चढाच्या बाजूचा अडथळा तेवढा उरतो. या आळसाला हिस्टेरेसिस म्हणतात. दुसरा वाटा रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात त्याचा. यातही लपलेली गोष्ट अशी की दोन्हींसाठी रबराला थोडं घसरावं लागतं. पकड म्हणजे न घसरणं, असं आपल्याला वाटतं. टायर पकड देत असतो तेव्हा तो किंचित घसरतच असतो.

१९६३ मध्ये कार्ल ग्रॉश यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या तापमानांना त्यांनी रबर अगदी सावकाश, सेकंदाला काही सेंटिमीटरपेक्षा कमी वेगाने ओढलं, म्हणजे घर्षणाची स्वतःची उष्णता आड येऊ नये. वेगाबरोबर घर्षण कसं बदलतं याचे प्रत्येक तापमानाला वेगळे आलेख आले. आणि ते सगळे तुकडे बाजूला सरकवले तर एकाच मोठ्या टेकडीसारख्या आलेखात बसले. मग त्यांनी खरखरीत कागदावर बारीक भुकटी भुरभुरली. रेणू चिकटण्याची वाट बंद झाली आणि त्या वाट्याचा उंचवटा आलेखातून गायब झाला. राहिला तो हिस्टेरेसिसचा.

तुकडे सरकवून जुळतात याचा अर्थ, रबराला थंडी आणि घाई यांतला फरक कळत नाही. आत रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात, गंधकाने ठिकठिकाणी एकमेकींना बांधलेल्या. त्यांना वळवळून जागा बदलायला थोडा वेळ लागतो. तापमान वाढलं की तो वेळ झपाट्याने कमी होतो. उंचवटे एक मिलिमीटर अंतरावर आहेत आणि टायर सेकंदाला एक मीटर घसरतोय असं धरलं, तर रबराला सेकंदाला हजार धक्के बसतात. साखळ्या फार थंड असतील तर सेकंदाच्या हजाराव्या भागात त्या हलतच नाहीत. रबर काचेसारखं वागतं, खाचांत शिरत नाही. फार गरम असतील तर धक्क्याबरोबर लगेच हलतात आणि लगेच परततात. आळस नाही, पकड नाही, वर रबर लेचंपेचं. मधे कुठेतरी साखळीचा वेळ आणि धक्क्याचा वेळ जुळतो. तीच टेकडीची माथ्याची जागा. रबर ज्या तापमानाला काचेसारखं होतं त्याच्या पन्नासेक अंश वर असताना हिशेब असा बसतो, की दहा-बारा अंश थंड होणं म्हणजे धक्के दहापट जलद होणं. हे गणित १९५५ मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी मांडलं. त्यात लॉगॅरिदम आहे, म्हणून इथे थांबतो.

तर कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण, ‘सॉफ्ट’ किंवा ‘हार्ड’ म्हणजे मुख्यतः ती टेकडी तापमापीवर कुठे ठेवली आहे ते. नखाने दाबून हे कळणं शक्य नाही. नख सेकंदाला एकदा दाबतं, रस्ता हजारदा. तापलेल्या ट्रॅकवर हार्ड कंपाउंड सॉफ्टपेक्षा जास्त धरून ठेवू शकतो, आणि गार सकाळी दोघांची अदलाबदल होते. एकाच टायरमध्येही हे घडतं. जर्मनीतल्या झाक्सनरिंगला १० डावी वळणं आणि फक्त ३ उजवी. डावीकडे भाजणारा टायर बऱ्याच वेळाने उजवीकडे कलतो, तेव्हा ती कड गार पडलेली असते. अकरावं वळण त्यासाठीच बदनाम आहे. म्हणून दोन्ही कडांना वेगळं रबर असलेले टायर बनवतात.

माझ्या एका मित्राने ट्रॅक डेसाठी (हौशी लोकांना शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवू देतात तो दिवस) एका रेसरकडून वापरलेले स्लिक, म्हणजे शर्यतीचे बिनखाचांचे टायर, घेतले. हे रेसर वापरतो, म्हणजे उत्तमच, असा साधा हिशेब. टायर आधीच तापवून ठेवणारे वॉर्मर नव्हते. बाहेर पडल्यावर सरळ रस्त्यावर त्याने साग्रसंगीत नागमोडी चालवली, टीव्हीवर बघतो तशी. नागमोडीने मोटरसायकलचा टायर फारसा तापत नाही. सरळ असताना जोरात ब्रेक आणि जोरात ॲक्सिलरेशन, याने कारकस, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, वाकतो आणि तापतो. तिसऱ्या वळणात पुढचा टायर निसटला, काही सूचना न देता. गुडघ्याला लागलं, बाकी ठीक. शर्यतीचं स्लिक ८०-९० अंशांच्या आसपास जगण्यासाठी केलेलं असतं. मध्यम वेगाच्या स्वाराला ते तापमान टिकवताच येत नाही, आणि वॉर्मरने दिलेली ऊब दोन-तीन फेऱ्यांत वारा काढून नेतो. त्याच्यासाठी रस्त्यावर चालणारा, पण ट्रॅककडे झुकलेला टायर जास्त पकड देतो, कारण त्याची टेकडी खालच्या तापमानाला आहे. शिवाय वापरलेलं रबर दर वेळी तापून गार होताना थोडं थोडं अजून पक्कं होत जातं. रबराची जाडी भरपूर उरलेली दिसते आणि आतला आळस मात्र संपलेला असतो. (स्लिकला खाचा नसतात त्या कोरड्या रस्त्यावर लागत नाहीत म्हणून, खाचा पाणी बाहेर काढण्यासाठी. यावरून झिजून गुळगुळीत झालेला रस्त्याचा टायर म्हणजे फुकटचं स्लिक, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यामागे गाडी चालवू नये.)

टायर पारखायचा तर साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे) चार आकडे आधी वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दाब पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजावा. तापमान सुईच्या पायरोमीटरने, रबराच्या आत टोचून; इन्फ्रारेडची बंदूक वरची कातडी बघते, आणि ती पिटमध्ये येईपर्यंत गार झालेली असते. दाब कमी केला की टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो, वाढवला की उलट. म्हणजे पंप हे तापमानाचंच बटण आहे. अर्थात फार कमी केला तर गाडी वळवळते आणि कारकस भाजतो. मग पृष्ठभाग बघावा. थंड रबर ताणलं जाण्याऐवजी खोल, कडक कडांनी फाटतं. जास्त तापलेलं वळकट्या होऊन निघतं. पण सस्पेन्शनचा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडण्याचा वेग) चुकला तरी अशाच खुणा येतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दोन टायरांची तुलना करताना मात्र एक पथ्य: पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. गुडघा बरा झाल्यावर मित्राने हेच केलं. नव्या टायरवर तो दर फेरीला सव्वा सेकंद लवकर यायला लागला आणि हरखून गेला. दुपारी जुना परत चढवला, तर त्याच्यावरही तोच वेळ आला; सकाळपासून त्याला ट्रॅक पाठ झाला होता. नव्या टायरचं बिल तोवर भरून झालं होतं.