राजवाड्यातलं रजिस्टर आणि मोबाईलमधली शाळा

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव चढलं. भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, त्यामुळे रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. ऑनलाइन शिकवणारी अॅप्स मुलांच्या माहितीचं काय करतात, हा प्रश्न आता घराघरात आला आहे. त्याची पार्श्वभूमी सांगायची तर मला त्या पानापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

मी सातारा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. काही वर्षं दाखल्यांचं कामही माझ्याकडे होतं, त्यामुळे जनरल रजिस्टर हाताळायची सवय आहे. लाल कापडी पुठ्ठा, कडा खाल्लेली पानं, आणि आडवे रकाने: नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख, कारण. एवढंच. रजिस्टर लोखंडी कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे. कोणाला निर्गम उतारा हवा असेल तर अर्ज करायचा, मग आम्ही पान काढून नक्कल उतरवायची आणि सही-शिक्का करून द्यायची. माहिती कुठे आहे आणि ती मागायला कोण आलं होतं, हे शाळेला माहीत असायचं.

म्हणून ते रजिस्टर निरुपद्रवी होतं असं मात्र नाही. १९१४ क्रमांकाच्या त्या विद्यार्थ्याला जातीमुळे वर्गात वेगळं बसावं लागलं. आणि रकान्यांची गंमत अशी की, ते भरताना जो हेतू असतो तो पुढे टिकतोच असं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. मोडी वाचणारी माणसं शोधून आणली गेली. एखाद्या गुरुजींनी शंभर वर्षांपूर्वी मुलाला शाळेत घेताना लिहिलेला एक शब्द आज त्याच्या खापरपणतूच्या प्रमाणपत्राचा आधार होतो. कुणाचं त्यात भलं झालं, चांगलंच झालं. पण लिहिणाऱ्याच्या मनात हा उपयोग नव्हता. माहिती एकदा नोंदली गेली की ती लिहिणाऱ्याच्या आणि ज्याची आहे त्याच्याही हातात उरत नाही, एवढं त्यातून दिसतं. पुढचा सगळा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो.

शिकणाऱ्याची प्रत्येक हालचाल टिपणारं यंत्र ही कल्पना मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो नावाची संगणकावरची शिक्षणव्यवस्था सुरू झाली. विद्यार्थ्याने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे पाहून ती पुढचं पाऊल ठरवायची. त्यासाठी उत्तर साठवणं भागच होतं. २००२ मध्ये ऑनलाइन वर्ग चालवायचं मूडल आलं, जे आज आपल्याकडची कित्येक कॉलेजं वापरतात. २०१२ मध्ये मोठमोठ्या विद्यापीठांचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाले, आणि भारत सरकारचं स्वयम् जुलै २०१७ मध्ये आलं. या सगळ्यांत नोंद ठेवण्याला शैक्षणिक कारण आहे, ते मी नाकारत नाही. पोरगं कुठे अडलं हे कळलं तरच पुढे शिकवता येतं.

फरक पाटीचा आहे. वर्गात मुलाने पाटीवर चुकीचं उत्तर लिहिलं, मी पाहिलं, समजावलं, त्याने बाहीने पाटी पुसली. चूक संपली. अॅपमध्ये पाटी पुसली जात नाही. माझ्या भाचीच्या अॅपने महिन्याच्या शेवटी तिच्या आईच्या मोबाईलवर प्रगतीचा अहवाल पाठवला. त्यात त्रिकोणमितीचा व्हिडिओ तिने कितव्या मिनिटाला थांबवला, तोच प्रश्न कितीदा चुकवला आणि रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती अभ्यास करत होती, हे सगळं होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, पोरगी झोपली नाही हे मला नाही कळलं, ह्यांना कळलं."

ही गोष्ट २०२० ची. मार्चमध्ये शाळांना कुलूप लागलं आणि जूनमध्ये राज्यात शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू ठेवायचं ठरलं. आमच्या गोडोलीच्या घरात स्मार्टफोन एकच, वहिनींचा. भाची दहावीत. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर एका अॅपची लिंक पाठवली, डेमो क्लास मोफत. मी स्वतः शेजारी बसून फॉर्म भरला. नाव, इयत्ता, बोर्ड, गाव, पालकांचा मोबाईल नंबर, ओटीपी. मग अॅपने परवानग्या मागितल्या: कॅमेरा, माइक, लोकेशन, फोनमधले कॉन्टॅक्ट. लेक्चर सुरू व्हायला दोन मिनिटं राहिली होती. मी चारही ठिकाणी अलाऊ दाबलं. खाली बारीक अक्षरात गोपनीयता धोरण होतं, इंग्रजीत. ते मी उघडलंसुद्धा नाही.

दहा मिनिटांत फोन. "मॅडम, मी काउन्सेलर बोलतोय, मुलीच्या करिअरविषयी दोन मिनिटं बोलायचं होतं." तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच क्लासचे फोन, नीटच्या बॅचसाठी. भाचीने नीटचं नावही काढलं नव्हतं. भाऊ शेतावर असताना, वहिनी चुलीपाशी असताना फोन. कर्जावर फी भरायची सोय आहे, हेही त्यातल्याच एकाने सांगितलं. नंबर आम्ही एकाला दिला होता, फोन तिघांचे येत होते.

यात त्यांनी कोणता कायदा मोडला, असं मी एका वकील मित्राला विचारलं. उत्तर ऐकून वाईट वाटलं. तेव्हा आपल्याकडे आधार होता तो माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ आलं: कंपनीच्या हलगर्जीपणामुळे संवेदनशील वैयक्तिक माहिती फुटली आणि नुकसान झालं तर भरपाई. त्याखालचे नियम एप्रिल २०११ मध्ये निघाले. आज प्रत्येक अॅपच्या तळाशी गोपनीयता धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दिसतं, त्यामागे हे नियम आहेत. तक्रारीचं निवारण महिन्याच्या आत करायचं, हेही त्यातच. पण संवेदनशील म्हणजे काय याची यादी पाहा: पासवर्ड, बँकेचे आणि कार्डांचे तपशील, प्रकृतीची माहिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बोटांचे ठसे वगैरे. मोबाईल नंबर त्यात नाही. मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, गाव नाही. मूल असा वेगळा विचारही नाही. आईचा नंबर आणि लेकीची इयत्ता, म्हणजे क्लासवाल्याला हवं ते सगळं, या यादीच्या बाहेर राहिलं.

मग "तुमचं वय १३ पेक्षा जास्त आहे का?" हा प्रश्न साताऱ्यातल्या मुलांना का विचारला जातो? तो आपला नाहीच. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा झाला, तो एप्रिल २००० पासून लागू आहे. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची संमती हवी, असं तो सांगतो. अॅप्स तिथल्या कायद्यावर बेतलेली, म्हणून तो आकडा जगभर फिरला. शाळेतल्या नोंदींसाठी तिथे १९७४ पासूनच वेगळा कायदा आहे. तरीही तिथल्या कंपन्या चुकल्याच. एडमोडो या वर्गांसाठीच्या सेवेवर २०२३ मध्ये कारवाई झाली, दंड ६० लाख डॉलर. आरोप असा होता की मुलांची माहिती जाहिरातींसाठी वापरली आणि संमती घेण्याची जबाबदारी शाळांवर ढकलली. हा दुसरा आरोप मी शिक्षिका म्हणून दोनदा वाचला.

आपल्याकडचा पाया घातला गेला तो २४ ऑगस्ट २०१७ ला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात २०१२ मध्ये याचिका केली होती. सुनावणीत सरकारने भूमिका घेतली की गोपनीयता हा मूलभूत हक्कच नाही. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं, आहे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आधारच्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. तेव्हा आम्ही प्रवेशाच्या वेळी आधारची झेरॉक्स फाईलला लावत होतो. निकालानंतरही कित्येक ठिकाणी ती लावली गेली. कारण वरून कोणी मागितली नाही तरी मागून ठेवलेली बरी, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी सवय.

शाळांचा स्वतःचा वाटाही सांगायला हवा. २०१५ मध्ये राज्यात सरल प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायचा आदेश निघाला. शाळेत नेट नाही, संगणक बंद. शिक्षक रात्री सायबर कॅफेत बसायचे, कारण सर्व्हर रात्रीच चालायचा. मी स्वतः पाहिलंय: कॅफेवाल्याच्या वहीत पाच-सहा शाळांचे यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचे सरकारी ओळखक्रमांक, आणि समोर पासवर्ड, निळ्या पेनने लिहिलेले. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, गुरुजींची सोय म्हणून ठेवलेले. पण लोखंडी कपाटाची किल्ली आपण अशी टपरीवर ठेवली असती का?

सरकारी असो वा खाजगी, फटी सगळीकडे निघाल्या. ऑनलाइन शिकवण्या देणाऱ्या अनअॅकॅडमीच्या कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं २०२० मध्ये उघड झालं. सरकारच्या दीक्षा या अॅपची माहिती ठेवलेला एक सर्व्हर उघडा राहिला होता. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षक आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांचे तपशील होते, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. त्याआधी मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ४९ देशांत कोरोनाकाळात सरकारांनी सुचवलेली शैक्षणिक साधनं तपासली होती. त्यांतल्या जवळपास नव्वद टक्के साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारी किंवा त्यांचा भंग करणारी निघाली.

२०१७ च्या त्या निकालानंतर कायद्याला मात्र सहा वर्षं लागली. माहिती संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीचा अहवाल जुलै २०१८, विधेयक डिसेंबर २०१९, ते ऑगस्ट २०२२ मध्ये मागे, आणि शेवटी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील.

या कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. म्हणजे बारावीतला सतरा वर्षांचा मुलगाही. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. त्याच्या वागण्यावर नजर ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिरात दाखवायची नाही. मुलांविषयीच्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत. शैक्षणिक संस्थांना नियमांत सूट आहे: शिकवण्याच्या कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी त्या नोंद ठेवू शकतात. मला ही सूट योग्य वाटते, पण खाजगी अॅप स्वतःला शैक्षणिक संस्था म्हणवून या दारातून आत शिरेल, अशी धास्तीही वाटते. आणि एक गोष्ट मनापासून आवडली. माहिती का घेतोय, याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आहे. वहिनी सातवी शिकल्या आहेत, रोज पेपर वाचतात. त्या दिवशी ते बारीक अक्षर मराठीत असतं, तर अलाऊ दाबण्याआधी त्यांनी मला थांबवलं असतं, याची मला खात्री आहे.

आम्ही तेव्हा जुन्या नियमांचाच आधार घेतला. अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला मराठीत ई-मेल लिहिली, दोन मागण्या केल्या. भाचीचं खातं आणि सगळी माहिती काढून टाका. आणि वहिनींचा नंबर तुम्ही आणखी कोणाला दिला ते सांगा. एकोणिसाव्या दिवशी इंग्रजीत दोन ओळी आल्या की खातं बंद केलं आहे. दुसऱ्या मागणीविषयी अक्षर नव्हतं. नव्या कायद्याच्या कलम ११ नुसार, संमती घेऊन गोळा केलेली माहिती कोणाकोणाला दिली, त्यांची नावं मागण्याचा हक्क मिळतो. तेही मे २०२७ पासून. ती ई-मेल मी जपून ठेवली आहे. तारीख आली की त्याच पत्त्यावर तोच प्रश्न पुन्हा पाठवणार आहे.