एल-एस २ आणि एफएलएम ५५: गर्भजलाच्या दोन आकड्यांचा घोळ

मिरजेत किंवा कराडात डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा), नर्सिंग करणाऱ्यांना हे दोन आकडे एकाच धड्यात भेटतात आणि पेपरात हमखास अदलाबदल होते. दोन्ही तपासण्या गर्भजलावरच्या, दोन्ही गुणोत्तरं, प्रश्नही एकच: बाळाचं फुप्फुस तयार झालंय का? मोजतात मात्र वेगळं.

एल-एस म्हणजे लेसिथिन भागिले स्फिंगोमायलिन, गर्भजलातल्या दोन चरब्या. लेसिथिन हा सर्फॅक्टंटचा, म्हणजे फुप्फुसाच्या पिशव्या मिटू न देणाऱ्या पदार्थाचा, मुख्य भाग. ग्लक यांनी १९७१ मध्ये ती रूढ केली. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने चरबी वेगळी काढायची, थंड ॲसिटोनची पायरी, मग टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) डाग मोजायचे. २ किंवा जास्त आलं की फुप्फुस तयार. कित्येक तासांचं काम, आणि हात बदलला की आकडाही हलतो.

एफएलएममध्ये (फीटल लंग मॅच्युरिटी, म्हणजे गर्भाच्या फुप्फुसाची परिपक्वता) डाग नाहीत, प्रकाश आहे. नमुन्यात चमकणारा रंग घालून त्यावर ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश सोडतात. रंग अल्ब्युमिनला (गर्भजलातलं एक प्रथिन) चिकटला तर ध्रुवीकरण जास्त टिकतं, सर्फॅक्टंटमध्ये शिरला तर घसरतं. म्हणजे ध्रुवीकरण कमी, तर फुप्फुस तयार. उलटं लिहून मार्क जातात ते इथेच. मशीन उत्तर देतं ते एक ग्रॅम अल्ब्युमिनमागे किती मिलिग्रॅम सर्फॅक्टंट, असं. ५५ किंवा जास्त: तयार. ४० ते ५४: संशयास्पद. ३९ किंवा कमी: अपक्व. अल्ब्युमिनने भागण्यात हुशारी आहे, कारण गर्भजल पातळ असलं तर दोन्ही सारखेच पातळ होतात. साधारण एक मिलिलिटर नमुना पुरतो.

नमुना जोरात सेंट्रिफ्यूज केला की लॅमेलर बॉडीज (सर्फॅक्टंटचे सूक्ष्म गोळे) तळाला बसतात आणि आकडा खोटा खाली येतो. म्हणून एफएलएमसाठी गाळून घेतात. रक्त मिसळलं तर दोन्ही बिघडतात: इकडे रक्तातलं अल्ब्युमिन, तिकडे रक्ताचंच लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन. आईला मधुमेह असेल तर नुसत्या एल-एस २ वर विसंबू नये, पीजीही (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, सर्फॅक्टंटमधलीच एक चरबी) बघावं. आणि ५५ वर जेवढा भरवसा, तेवढा ३९ वर नको. अपक्व रिपोर्ट आलेली कितीतरी बाळं नीट श्वास घेतात.

एफएलएमचं किट २०११ च्या सुमारास बंद झालं. गर्भजल काढलंच, तर सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या) मशीनवर प्लेटलेटच्या चॅनेलमधून लॅमेलर बॉडी मोजता येतात. मायक्रोलिटरमागे ५०,००० च्या वर म्हणजे तयार. पण साताऱ्यात आज ३२ आठवड्यांना कुणाला कळा सुरू झाल्या, तर पोटात सुई घालायचं कारण उरत नाही: बाळाचं फुप्फुस लवकर तयार व्हावं म्हणून आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण चार इंजेक्शनं.